वारा पडलेला असताना

“बाई, गावाचे नाव बाग, पण इथे बाग कुठे आहे?”

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या शाळेची सहल माळव्यात गेली होती, तेव्हा नववीतील एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. इंदूर, धार आणि मांडू पाहून आम्ही धारपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या बाग या गावी उतरलो होतो. ठशांनी छापलेल्या कापडासाठी आणि बौद्ध गुंफांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाचा संबंध कोणी वाघाशी लावतात, कोणी जवळून वाहणाऱ्या बाघनी नदीशी. परंतु आम्ही पडलो कोकणची माणसे. बाग हा शब्द कानी पडताच आमच्या डोळ्यांपुढे माड, पोफळी, आंबे आणि फणस उभे राहणार. तेव्हा मुलाचा प्रश्न रास्त होता. मी हसून म्हटले, “शोधा म्हणजे सापडेल.” आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी ती आम्हाला खरोखरच सापडली.

गुंफा पाहून परतताना आमची गाडी वाटेत काही कारणाने थांबली. रस्त्याच्या खालच्या अंगाला आंब्याची एक लहानशी बाग होती. असतील तीसचाळीस झाडे. मुले पाणी पिण्यासाठी विहिरीकडे गेली आणि त्यांच्या मागोमाग मीही गेले. बागेचा मालक सत्तरीच्या घरातला, सडसडीत अंगाचा शेतकरी होता. तो निमाडी वळणाची हिंदी बोलत होता. मुलांना त्याने स्वतः पाणी काढून दिले.

माझे लक्ष मात्र झाडांकडे लागले होते. पश्चिमेच्या बांधावर बांबूची एक दाट रांग होती आणि तिच्या आत कडुनिंबांची दुसरी. आतली आंब्याची झाडे उंचीने बेताची, मधोमध उघडी आणि चारी बाजूंस पसरलेली अशी होती. प्रत्येक झाडाच्या माथ्यातून आकाश दिसत होते. काही झाडांवर जुन्या कापण्याच्या खुणा होत्या आणि त्या खुणांभोवती सालीचे वळे भरून आले होते. आमच्या एका विद्यार्थिनीला ते पाहवले नाही. ती म्हणाली, “दादा, इतकी चांगली झाडे तुम्ही अशी बोडकी का केलीत?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिले. त्याने जे सांगितले त्याचा भावार्थ असा: उन्हाळ्याच्या अखेरीस इकडे आंधी येते. दुपारपर्यंत आकाश कोरडे असते, मग पश्चिमेला धुळीची भिंत उभी राहते, आणि अर्ध्या घटकेत सगळे होऊन जाते. आंधी दिसल्यावर झाडासाठी करता येण्याजोगे काहीच उरत नाही. माणसाने गुरे सोडवावीत आणि घरात जावे. म्हणून झाडाचे जे काही करायचे ते थंडीत, वारा पडलेला असताना करून ठेवायचे.

“वारा पडलेला असताना.” हे शब्द ऐकले आणि मी एकदम गप्प झाले. मुलांना त्याचे कारण तेव्हा सांगता आले नाही. ते आज लिहीत आहे.

माझे माहेर गोव्यातील फोंडा तालुक्यात आहे. डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या पाण्यावर आमचे छोटेसे कुळागर आहे. कुळागर म्हणजे नुसती सुपारीची बाग नव्हे. उंचावर माड, त्यांच्या खाली पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, मध्ये केळी, कडेला फणस, आंबा, जायफळ, आणि जमिनीलगत अननस व हळद, असा तो एकावर एक मजल्यांचा संसार असतो. आमच्या कुळागराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आजोबांनी लावलेला एक मानकुराद आंबा होता. मी पाहिला तेव्हापासून तो मोठाच होता. पुरुषभर उंचीवर त्याचा बुंधा दुभंगून दोन प्रचंड फांद्या निघाल्या होत्या आणि त्या दोहोंमधले बेचके इतके अरुंद होते की पावसाचे पाणी तेथे आठवडेच्या आठवडे साचून राही.

सन 2020 च्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. बाबांनी मला त्या झाडाखाली नेले आणि बेचक्यापासून खाली उतरलेली एक बारीक चीर दाखवली. बुंध्याशी कठीण, तांबूस अळंबी उगवली होती. ते म्हणाले, “बाय, हा पश्चिमेकडचा भार उतरवायला हवा. मला आता वर चढून माणसांकडून काम करवून घेणे होत नाही. तू आहेस तोवर माणूस बोलावून करून घेऊ.” मी वर पाहिले. फांद्यांचे शेंडे टपोरे झाले होते. आणखी महिन्या-दीड महिन्यात मोहर येणार हे दिसत होते. मी म्हटले, “एवढा बहर कशाला घालवायचा? या वर्षीचे आंबे उतरू दे, मग पाहू.” बाबा काही बोलले नाहीत. शिकलेल्या मुलीच्या शब्दाला मान देण्याची त्यांची पद्धत होती. माझी सुटी संपली आणि मी परत आले.

रविवार, 16 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. हे नाव ब्रह्मदेशाने सुचवलेले होते आणि त्याचा अर्थ पालीची एक जात असा आहे. वादळ समुद्रातूनच गेले, त्याने गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवले नाही. तरी त्याच्या नुसत्या पदराने हजारो झाडे आडवी झाली आणि वीज दिवसचे दिवस बंद पडली. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. दूरध्वनी लागत नव्हता आणि सीमा ओलांडून जाता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी बाबांचा आवाज ऐकू आला. “आम्ही सर्व सुखरूप आहोत,” एवढेच ते आधी बोलले. मग थोडे थांबून म्हणाले, “आंबो फुटलो.”

आंबा बेचक्यातच फुटला होता. फळांनी लगडलेली पश्चिमेची फांदी वाऱ्याने पिळून निघाली आणि कुळागराच्या आत कोसळली. तिच्याखाली एकतीस पोफळी आणि चार माड गेले. ज्या आंब्यांसाठी मी ती फांदी राखली होती, ते चिखलात पसरले होते. त्यातला एकही कोणी उचलला नाही.

मला वाटले, एवढ्यावर वादळ संपले. पण ते आणखी तीन वर्षे चालले. तो आंबा दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन अडवीत होता, हे तो गेल्यावर आम्हाला कळले. पोफळीचे खोड उन्हाला फार हळवे असते. नैर्ऋत्येकडून येणारे तिरपे ऊन सतत पडले की त्या बाजूची साल आधी पिवळी, मग तपकिरी होते, तिला भेगा पडतात, भेगांत बुरशी शिरते, आणि असे खोड पुढच्या एखाद्या साध्या पावसाळी वाऱ्यातही मधोमध मोडते. उघड्या पडलेल्या ओळीतील पोफळी 2022 मध्ये आणि 2023 मध्ये अशाच एकेक करून मोडल्या. पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात. बाबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा रोपे लावली. ती फळाला येईपर्यंत आपण असू की नाही, असा विचार त्यांच्या मनात आला असेल. पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. मला दोष दिला असता तर बरे झाले असते. एकदाच, मी रडू लागले तेव्हा ते म्हणाले, “वारें येतलेंच. तें येवचे पयलीं कितें केलां तें सांग.” म्हणजे, वारा येणारच, तो येण्यापूर्वी काय केले ते सांग.

बागेतल्या त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या भाषेत नेमके हेच सांगितले होते.

तेव्हापासून मी या विषयाकडे शिकवणाऱ्याच्या नव्हे, शिकणाऱ्याच्या दृष्टीने पाहू लागले. वारा झाडाला मारतो म्हणजे नक्की काय करतो, हेच मला ठाऊक नव्हते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात सहज डोलणाऱ्या झाडावर 120 च्या वाऱ्यात चारपट ओझे येते. हे ओझे प्रामुख्याने पानांच्या माथ्यावर पडते. माथा जितका दाट आणि जितका उंच, तितके ते झाड शिडासारखे ओढले जाते आणि बुंध्याशी तितका मोठा पीळ बसतो. त्यातच आपल्याकडचे वादळ एकटे येत नाही, पाऊस घेऊन येते. भिजून मऊ झालेल्या मातीची मुळांवरची पकड सुटते. म्हणून झाड तीन ठिकाणी हार खाते: फांदीच्या कच्च्या जोडात, पोखरलेल्या बुंध्यात, किंवा मुळांत. या तिन्ही जागा वादळापूर्वी कितीतरी वर्षे डोळ्यांना दिसत असतात. आमच्या आंब्याची चीर तर बाबांनी मला बोट लावून दाखवली होती.

मुळांचे दुखणे तर त्याहूनही आधी सुरू होते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडतात, त्यांत माती भरतात आणि कलमे लावतात. खड्ड्याबाहेर मुळांना वाट मिळाली नाही तर ते झाड म्हणजे कुंडीतले झाड होऊन राहते. तीच गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत फार दिवस राहिलेल्या कलमाची. पिशवीच्या तळाशी मुळे गोल गोल फिरतात आणि पुढे जमिनीत गेली तरी ते वेटोळे सुटत नाही. वर झाड दहा वर्षांचे दिसते. खाली ते पिशवीएवढ्याच जागेवर उभे असते. म्हणून पिशवीत फार काळ न राहिलेले कलम घ्यावे, लावताना मुळांचे वेटोळे कापून मोकळे करावे. किंवा कोय जागेवरच रुजवून तिच्यावर तेथेच कलम बांधावे, म्हणजे सोटमूळ सरळ खाली उतरते.

पुढचे काम छाटणीचे. येथे दोन चुका होतात. पहिली माझी, म्हणजे काहीच न करण्याची. दुसरी त्याच्या उलट, म्हणजे झाडाचे डोके सरसकट उडवण्याची, किंवा आतल्या साऱ्या डहाळ्या साफ करून केवळ टोकांना पानांचे झुबके ठेवण्याची. टोकाला भार राहिला की फांदी तरफेसारखी वागते आणि उलट अधिक लवकर मोडते. फळे उतरल्यानंतर, पावसाचा जोर ओसरला की मधली उंच फांदी काढून झाडाचा माथा उघडा करणे, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या व किडक्या फांद्या काढणे, लांब पसरलेल्या फांद्यांचा टोकाकडचा भार हलका करणे, आणि हे सारे एकाच वर्षी न करता थोडे थोडे करीत जाणे, ही योग्य रीत होय. मोठी फांदी कापताना आधी खालून थोडा छेद द्यावा, मग जरा पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी जोडाजवळचा फुगीर भाग राखून उरलेला खुंट काढावा. नाहीतर पडणारी फांदी बुंध्याची साल सोलून नेते. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे तिचे प्रमाण असते. आपले दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ जुन्या, उंच वाढलेल्या हापूसच्या झाडांची छाटणी करून त्यांना नवे रूप देण्याचे तंत्र अनेक वर्षे शिकवीत आले आहे. ती झाडे अधिक फळावीत हा त्याचा हेतू. पण ठेंगणे, हवेशीर झाड वाऱ्यातही टिकते हा त्याचा दुसरा लाभ.

तिसरे काम आडोशाचे. मला पूर्वी वाटे की बागेला वाऱ्यापासून राखायचे तर उंच भिंत बांधावी. वस्तुतः भिंत हा वाईट आडोसा आहे. वारा तिच्यावरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करीत झाडांवर कोसळतो. जिवंत झाडांची रांग वाऱ्याला अडवते आणि गाळूनही घेते. निम्मा वारा पानांतून जातो, पण थकून जातो. अशा रांगेच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत तिचा उपयोग जाणवतो. आपल्या किनाऱ्यावर सुरू आणि उंडी, आतल्या भागात बांबू आणि करंज हे या कामाचे सोबती आहेत. जळगावकडे केळीच्या बागांभोवती शेवरीची दाट ओळ लावतात तीही याचसाठी. केळ बिचारी मुळांनी उथळ. घड लोंबू लागला की तिला बांबूचे टेकू द्यावेच लागतात. मात्र तिची पाने वाऱ्याने चिरली जातात, हे तिचे दुर्दैव समजू नये. पान चिरले की वारा त्यातून निघून जातो. झाड वाचवण्यासाठी पानाने केलेली ती तडजोड आहे.

मिश्र बाग स्वतःच स्वतःचा आडोसा असते, हे मला श्रीवर्धनकडे जाऊन आल्यावर पटले. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस भर दुपारी किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांची जी दैना झाली ती आपण सर्वांनी छायाचित्रांतून पाहिली आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे त्या भागाचे वैभव. तिच्यासाठी तेथे स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे. अशा ठिकाणी पिढ्यांची बाग एका दुपारी पडली. इतक्या वेगापुढे कोणतीही छाटणी आणि कोणताही आडोसा पुरा पडत नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. परंतु तेथील एका बागायतदार बाईंनी मला जे सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. वादळाच्या दिवशी पडलेली झाडे त्यांनी मोजली होती. आणि नंतरच्या दोन वर्षांत, केवळ उघडी पडल्यामुळे उन्हाने आणि वाऱ्याने गेलेलीही त्यांनी मोजली होती. दुसरा आकडा आपल्या हातातला होता, असे त्या म्हणाल्या. उघड्या पडलेल्या पोफळींच्या खोडांना वाळलेली झापे बांधली असती, त्या बाजूला लगोलग केळी लावल्या असत्या, तर त्यातली पुष्कळ राहिली असती.

पडलेल्या झाडांचेही असेच आहे. लहान कलम कलंडले पण निम्म्याहून अधिक मुळे जमिनीत असली, तर ती सुकण्यापूर्वी, दोनचार दिवसांत त्याला सावकाश उभे करता येते. आधी माथा हलका करावा, तुटलेली मुळे स्वच्छ कापावीत, माती भरून चांगली दाबावी, तीन बाजूंनी टेकू किंवा दोर द्यावे. दोराखाली गोणपाट ठेवावे, म्हणजे साल कातरत नाही. हे काम घाईने आणि कुऱ्हाडीने होत नाही. वादळानंतर माणसाला सर्व आवरून टाकण्याची घाई होते. माझे म्हणणे असे की, पहिला आठवडा कुऱ्हाड भिंतीलाच टेकून ठेवावी आणि झाडे नुसती पाहावीत.

आता पुन्हा बागेला जाऊ. त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याने माझ्या मनात आणखी एक गोष्ट जुळून आली. त्याच सकाळी आम्ही गुंफा पाहिल्या होत्या. बाघनीच्या पात्रापलीकडे, विंध्याच्या उतारावर, मऊ वालुकाश्मात त्या कोरलेल्या आहेत. मुळात नऊ होत्या; आज त्यांतल्या काहीच धड आहेत. चौथ्या गुंफेला रंगमहाल म्हणतात. नंदलाल बसू आणि असितकुमार हळदार या चित्रकारांनी 1921 मध्ये येथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. दगडातून पाझरणाऱ्या पाण्याने मूळ चित्रे नष्ट होत चालली, म्हणून 1982 मध्ये ती भिंतीवरून काढून सुरक्षित ठेवावी लागली. त्या काळी हा भाग ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात होता आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे हे मराठी गृहस्थ होते. गुंफांच्या जपणुकीत त्यांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या गुंफेत 1929 मध्ये एक ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा तो दानपत्राचा लेख आहे, सुमारे पाचव्या शतकातला. या विहारात पूजेसाठी गंध, धूप, फुले मिळावीत, भिक्षूंची सोय व्हावी, आणि विहाराचा जो भाग मोडेल वा फुटेल त्याची दुरुस्ती होत राहावी, यासाठी राजाने एक गाव दान दिले, असे त्यात म्हटले आहे.

सकाळी मी हे मुलांना इतिहासाचा भाग म्हणून सांगितले. संध्याकाळी त्या आंब्याच्या बागेत मला त्यातला अर्थ कळला. फुलांसाठी दान देणारे पुष्कळ असतात. जे अद्याप मोडलेले नाही त्याच्या दुरुस्तीची तरतूद करणारा माणूस विरळा. फुले दिसतात, दुरुस्ती नीट झाली तर काहीच दिसत नाही. मी आमच्या झाडाचा मोहर पाहिला होता, चीर पाहिली नव्हती. खरे तर पाहिली होती, पण मोहराच्या लोभाने नजर तिकडून वळवली होती.

सहलीहून परतल्यावर नाताळच्या सुटीत मी माहेरी गेले. फुटलेल्या मानकुरादाचा पूर्वेकडचा अर्धा भाग अजून उभा होता. जखम भरून येऊ पाहत होती, परंतु तिच्या पोटात पोकळी होती, आणि वरची एक लांब फांदी बाबांनी लावलेल्या नव्या पोफळींवर ओणवली होती. नेमका तिच्यावरच मोहराचा पहिला तुरा आला होता. या वेळी मी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावला, आणि तो झाडावर असेपर्यंत खाली उभी राहिले. आधी खालून छेद, मग वरून. दोरावरून फांदी सावकाश खाली उतरली. एकाही रोपाला धक्का लागला नाही. बाबांनी कापलेल्या जागेवर पेस्ट लावली, मोहराचा तुरा उचलून हुंगला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी आणि मी मिळून पोफळीच्या खोडांना झापे बांधली आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात मानकुरादाचे एक कलम लावले. त्याची मुळे मी स्वतः मोकळी केली.

2025 साली पाऊस फार लवकर आला. 25 मे रोजीच मोसमी वारे कोकणात पोहोचले, आणि त्याआधीचे काही दिवस तुफान पाऊस व वारा होता. मी त्या वेळी कुळागरातच होते. रात्रभर माडांचा आवाज येत होता. सकाळी आम्ही जाऊन पाहिले. अर्धा आंबा उभा होता, पोफळी उभ्या होत्या. फांदी उतरवली म्हणूनच तो वाचला, असे मी म्हणणार नाही. कदाचित तो तसाही राहिला असता. पुढच्या एखाद्या वर्षी तो पडेलही. झाडे काही अमर नसतात. पण त्या रात्री मला झोप लागली, एवढे खरे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वाडी आहे, कलमांची बाग आहे, निदान परसात दोन माड आहेत. थंडीच्या एखाद्या रविवारी वडिलांना किंवा आजीला बरोबर घेऊन त्या झाडांभोवती एक फेरी मारा. बेचकी पाहा, बुंधे पाहा, कोठे अळंबी उगवली आहे का ते पाहा. आणि घरातले वडीलधारे एखादी चीर बोटाने दाखवतील, तेव्हा वर मोहराकडे पाहू नका.